हणजूणची रात्र आणि 'गोवा' नावाचे संगीत

आपल्या शाळेतून बाहेर पडून मुंबई-पुण्याला, आखातात किंवा युरोपात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. गावाचे नाव सांगितले की समोरचा परदेशी माणूस एकदम खुलतो आणि 'गोवा' म्हणजे आपल्याला ठाऊक असलेले एक संगीत आहे, असे समजून बोलू लागतो. जर्मनीत, इस्रायलमध्ये, जपानमध्ये ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांत एके काळी 'गोवा' असा स्वतंत्र कप्पा असे. त्या कप्प्यात मांडो नसे, दुलपद नसे, केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांचे गाणे तर नसेच. तिथे असे ते यंत्रांवर निर्माण केलेले, रात्रभर नाचण्यासाठी योजलेले, ठेक्याचे संगीत. त्याचे नाव गोवा ट्रान्स.

नाव आपले आणि संगीत मात्र आपल्याला अपरिचित, ही स्थिती विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडे या विषयाचा उल्लेख निघतो तो बहुधा अमली पदार्थांच्या बातमीतून किंवा कर्कश आवाजाच्या तक्रारीतून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे. परंतु एखाद्या वस्तूला आपल्या भूमीचे नाव लागले असेल, तर ती वस्तू काय आहे, कोणी घडविली आणि कशी घडविली, एवढे तरी आपण जाणून घेतले पाहिजे. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही पुस्तिका निघते, त्यांनी आम्हांला हीच सवय लावली होती : आधी समजून घ्या, मग मत द्या.

या संगीताच्या जन्माशी ज्याचे नाव सर्वांत आधी जोडले जाते, तो माणूस म्हणजे गिल्बर्ट लेव्ही. जगात तो 'गोवा गिल' या नावाने ओळखला गेला. जन्म १९५१ चा, अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातला. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या परिसरात १९६० नंतरच्या दशकात तरुणांची जी मोठी चळवळ उसळली, तिच्यात तो ऐन किशोरवयात ओढला गेला. १९६९ मध्ये त्याने घर सोडले, युरोपातून आशियाच्या वाटेला लागला आणि १९७० मध्ये गोव्यात पोहोचला. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. हणजूणला वीज, रस्ते, दूरध्वनी या गोष्टी अपुऱ्याच होत्या. माडांच्या बनात थोड्या भाड्यावर खोली मिळे आणि आलेल्या पाहुण्याला फारसे प्रश्न विचारण्याची गावाची रीत नव्हती.

याच काळात त्याने हिमालयाची वाट धरली. जुना आखाड्याची दीक्षा घेतली आणि त्याला मंगलानंद हे नाव मिळाले. पुढे आयुष्यभर त्याने जटा राखल्या. उन्हाळ्यात उत्तरेकडे साधूंच्या संगतीत आणि हिवाळ्यात हणजूणच्या किनाऱ्यावर, असा त्याचा क्रम कित्येक वर्षे चालला. कोणी याला ढोंग म्हणेल, कोणी निष्ठा म्हणेल. पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या गोष्टीला ढोंग म्हणायला माझे मन तरी धजत नाही. मात्र धुनीपुढे बसणारा साधू आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीमागे उभा राहणारा वादक यांची जी सांगड त्याने घातली, ती आपल्याकडच्या कोणत्याही परंपरेने त्याला दिलेली नव्हती. ती त्याची स्वतःची होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आरंभी हणजूणच्या पौर्णिमेच्या रात्री वाजत ते गिटार, ढोल आणि तोंडाने गायिलेली गाणी. गिल स्वतः गिटार वाजवी. किनाऱ्यावर रंगमंच उभारून रॉक आणि रेगे पद्धतीचे संगीत चाले. वाळूवर चटया अंथरून, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात गावच्या बाया चहा आणि खाण्याचे पदार्थ विकीत. या चटईवाल्या बायांचा उल्लेख त्या काळच्या पाहुण्यांच्या आठवणींत हमखास सापडतो. गोव्याच्या बाजूने या इतिहासात प्रथम कोणाचा हातभार लागला असेल, तर तो त्यांचा.

१९८० नंतर मात्र पालट झाला. युरोप-अमेरिकेत संगणकसदृश वाद्ये स्वस्त होऊ लागली होती. जर्मनीतील क्राफ्टवर्क, बेल्जियममधील फ्रंट २४२, इंग्लंडमधील कॅबरे व्होल्तेर अशा मंडळींनी यंत्रावर रचलेले संगीत ध्वनिमुद्रिकांतून येऊ लागले. १९८३ च्या सुमारास लॉरां नावाचा फ्रेंच तरुण, फ्रेड डिस्को आणि गिल यांनी हणजूणच्या रात्रीत गिटार बाजूला सारून हे नवे संगीत आणले. नवलाची गोष्ट अशी की, आरंभी याला विरोध झाला तो गावाकडून नव्हे, तर जुन्या हिप्पींकडूनच. मानवी गळा नाही, वाद्याला माणसाचा हात नाही, हे कसले संगीत, असे त्यांना वाटे. नवे नाटक आले की जुन्या नाटकवेड्यांची जी तऱ्हा होते, तीच ही.

येथे गिलने नेमके काय केले, ते सांगणे अगत्याचे आहे. ही गाणी त्याने रचली नव्हती. ती दुसऱ्यांची होती आणि दुसऱ्याच कारणासाठी रचलेली होती. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी केले ते निवडीचे आणि कापणीचे काम. गाण्यातला गायनाचा भाग काढून टाकायचा, जो वाद्यांचा तुकडा लयीला धरून असेल तेवढाच ठेवायचा, तो दोनदा-चारदा जोडून लांबवायचा आणि ध्वनिफितीवर उतरवून घ्यायचा. मोठ्या काळ्या तबकड्या गोव्याच्या उन्हात वाकत आणि विमानातून आणायला जड जात, म्हणून हणजूणला ध्वनिफीत हेच मुख्य साधन राहिले. सोनी कंपनीच्या वॉकमन प्रोफेशनल या छोट्या यंत्रात फितीचा वेग किंचित कमीजास्त करता येई. अशी दोन यंत्रे शेजारी ठेवून एका तुकड्याची लय दुसऱ्याशी जुळवली जाई. १९८७ मध्ये डॅट ही अंकीय ध्वनिफीत बाजारात आली, तेव्हा गिलने ती स्वीकारली. पुढे जग कॉम्पॅक्ट डिस्क आणि संगणकाकडे वळले, २००५ मध्ये सोनीने डॅट यंत्रे बनविणे थांबविल्याचे जाहीर केले, तरी त्याने डॅट सोडली नाही.

आता या संगीताची घडण पाहू. आपल्याला तालाची भाषा ठाऊक आहे, तेव्हा तिच्याच आधाराने सांगतो. चार समान मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर एक भरीव, खर्जातला ठोका. सम आहे, पण खाली नाही. लय साधारणपणे मिनिटाला १४० ते १५० मात्रांची. १४५ धरली तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी अंतर पडते. त्या प्रत्येक मात्रेचे चार भाग करून त्यांवर एक सूक्ष्म स्वरावली अखंड धावत असते, म्हणजे सेकंदाला साडेनऊहून अधिक स्वर. हे काम माणसाचे बोट रात्रभर करू शकत नाही. म्हणूनच ते यंत्राकडे आले. दहा तासांच्या रात्रीत अशा लयीचे सुमारे ८७ हजार ठोके पडतात.

ऐकणाऱ्याला प्रथम वाटते की तेच ते चालले आहे. परंतु बदल होत असतो तो स्वरात नव्हे, स्वराच्या रंगात. त्याचे कारण यंत्रातील 'फिल्टर'. यंत्र आधी अनेक उपस्वरांनी भरलेला, खरखरीत नाद निर्माण करते. मग एक चाळणी त्यातील काही उपस्वर अडविते आणि काहींना उठाव देते. ती चाळणी हळूहळू उघडली की तोच स्वर अंधारातून उजेडात आल्यासारखा वाटतो. ज्यांनी तंबोरा लावताना घोडीवरचा दोरा सरकवून जवारी काढली आहे, त्यांना हे लगेच उमगेल. दोरा केसभर सरकला की षड्ज तोच राहतो, पण त्याच्या पोटातून गंधार बोलू लागतो. गोवा ट्रान्सचे सारे सौंदर्य या एका क्रियेभोवती फिरते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कोमल रिषभ आणि कोमल धैवत यांकडेही या रचनाकारांचा ओढा दिसतो. आपल्या बसंतमुखारीच्या किंवा भैरवीच्या स्वरांची आठवण व्हावी अशा ओळी त्यांत येतात. मात्र त्याला राग म्हणता येणार नाही, कारण तेथे स्वर असले तरी चलन नाही.

हेच यंत्र याआधीच भारतात रागाच्या हातात आले होते, ही एक विलक्षण योगायोगाची गोष्ट. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे आणि ज्युपिटर-८ हे वाद्य घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले आणि एचएमव्हीने त्याची ध्वनिमुद्रिका काढली. ती फारशी खपली नाही. शिकागोत याच टीबी-३०३ मधून नृत्यसंगीताचा नवा प्रकार निघाला, असे जगाने मानले ते १९८७ मध्ये. २०१० मध्ये हॉलंडमधून चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा लोक चकित झाले. २०१५ मध्ये ते मुंबईत निवर्तले. हणजूण आणि मुंबई यांच्यात सहाशे किलोमीटरांचेच अंतर, पण हे दोन प्रवाह एकमेकांना भेटल्याचे दिसत नाही. गिलला श्रोते मिळाले आणि सिंगांना ते मिळाले नाहीत, याचे कारण माझ्या मते एकच : सिंगांकडे ध्वनिमुद्रिका होती, गिलकडे रात्र होती.

गिलची खरी कारागिरी ही रात्र बांधण्यात होती. तो एकटा दहा-बारा तास, पुढील काळात तर चोवीस तासही, सलग वाजवी. संध्याकाळी हलके काही, मध्यरात्रीनंतर गडद, रूक्ष, जवळजवळ भीतिदायक स्वर, आणि पूर्वेला तांबडे फुटू लागले की मोकळे, सुरेल, उजेडाचे संगीत. नाचणाऱ्याला आधी थकवायचे, मग 'मी'पणाचा विसर पाडायचा आणि सूर्य उगवताना त्याला परत आणून सोडायचे, अशी त्यामागील योजना. आदिम काळातील सामूहिक नृत्यविधी आपण नव्या यंत्रांनी नव्या शतकासाठी पुन्हा घडवीत आहोत, अशी त्याची धारणा होती आणि ती तो प्रत्येक मुलाखतीत सांगे.

हे ऐकून पेडण्याच्या माणसाला हसू यावे. रात्र बांधणे ही आपल्याला नवीन गोष्ट नाही. दशावतारी नाटकात रात्री आधी गणपती आणि संकासुर येतो, मग आख्यान लागते, युद्धाचे प्रसंग ऐन मध्यरात्रीनंतर रंगतात आणि उजाडता उजाडता दहीकाला होतो. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्याच साधनांवर. आणि ठेक्याने भान हरपणे म्हणाल, तर ते आपल्या अंगणातलेच. दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत पेडण्याच्या भगवतीच्या देवळापुढे रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात, तेव्हा ढोलाचा आवाज छातीत कसा उतरतो, हे पुनवेला गेलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. डिचोली तालुक्यात साळ गावी शिमग्याच्या दिवसांत गडे उत्सव होतो. गड्यांच्या अंगात भार येतो आणि ते अंधारात देवचाराच्या दिवट्यांमागे धावतात, अशी श्रद्धा आहे. शिरगावला लईराईच्या जत्रेत धोंड विस्तवावरून चालतात. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आले. तोवर त्यांच्या धर्मांतराच्या धोरणाचा जोर ओसरला होता, म्हणून जुन्या काबिजादींत जे मोडले, ते येथे टिकले. बार्देशातल्या हणजूणला जे परदेशी लोक यंत्रांतून शोधू पाहत होते, ते शापोरा नदीच्या पलीकडे, त्याच रात्री, देवळापुढे चालू असण्याचा संभव होता. नदी ओलांडून ते पाहायला फारसे कोणी आले नाही.

पण साम्य दाखवून थांबणे योग्य नव्हे, कारण फरक अधिक बोलका आहे. गडे उत्सवाची तिथी ठरलेली असते. मान कोणाचा, कौल कोण घेणार, ढोल कोण वाजविणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. गड्याने आधी नेमधर्म पाळायचा असतो. ज्याच्या अंगात भार येतो त्याला सांभाळणारे हात शेजारी उभे असतात आणि तो कोणाचा मुलगा, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. हणजूणच्या रात्रीत तिथीचे काम पौर्णिमेने केले, पुजाऱ्याचे काम वादकाने केले. गावाचे काम करायला मात्र कोणी नव्हते. नाचणारा कोसळला तर तो कोणाचा? या प्रश्नाला तिथे उत्तर नव्हते. मंगलानंद झालेल्या गिलला हे कळत नसेल असे वाटत नाही. त्याच्याभोवती जमलेल्या कित्येकांना मात्र ते कळले नाही. गांजा, चरस आणि एलएसडी या द्रव्यांचा वापर तिथे सर्रास होता आणि गिलच्या मित्रपरिवाराने तो कधी लपविलाही नाही. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा आला. त्यानंतर किनाऱ्यावरच्या तरुणांची जी आयुष्ये कोर्टकचेरीत आणि व्यसनात गेली, त्यांची मोजदाद या संगीताच्या कौतुकात कोठे होत नाही.

इकडे नाव मात्र जगभर गेले. हणजूणला हिवाळा घालवून परतलेल्या तरुणांनी आपापल्या देशांत त्या रात्रींसाठीच खास रचना करायला घेतल्या. लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय आणि १९९४ मध्ये टिप या ध्वनिमुद्रण संस्था निघाल्या. टिपच्या संस्थापकांपैकी राजा राम हे भारतीय नाव धारण करणारा बासरीवादक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्याच वर्षी पॉल ओकनफोल्ड याने ब्रिटनच्या बीबीसी आकाशवाणीवर 'गोवा मिक्स' नावाचा कार्यक्रम सादर केला आणि जे नाव काही हजार लोकांना ठाऊक होते ते लाखोंपर्यंत पोहोचले. इस्रायलमध्ये लष्करी सेवा संपवून भारतात येणाऱ्या तरुणांनी हे संगीत आपलेसे केले. गिल स्वतः रचनाकार म्हणून पुढे आला तो याच दशकात, पेटर झीगलमायर याच्यासह कोड फोर या नावाने आणि पत्नी आरियान मॅकअ‍ॅवॉय हिच्यासह 'द नॉमोस' या नावाने. आरियान आफ्रिकेतील जेंबे हे चर्मवाद्य वाजवी, त्यामुळे त्यांच्या रचनांत यंत्राच्या ठोक्यावर हाताचा ठोका पडतो. त्या रचना मी ऐकल्या आहेत. चांगल्या आहेत, पण त्याच्या रात्रींची जी ख्याती आहे, तेवढ्या उंचीच्या नाहीत. निवड करणारा कान आणि रचना करणारा हात एकाच माणसात सारख्या ताकदीचे क्वचितच असतात.

या साऱ्या व्यवहारात गोव्याच्या वाट्याला नावापलीकडे काय आले? खोल्यांचे भाडे, चहाचे पैसे, मोटारसायकलींचा धंदा. स्वररचनेत, वाद्यरचनेत, ध्वनिमुद्रणात गोमंतकीय जवळपास नाहीत. एका गोव्याने मुंबईच्या चित्रपटसंगीताला पिढ्यान्‌पिढ्या वादक आणि वाद्यवृंदरचनाकार दिले. त्याच गोव्याच्या नावाने चाललेल्या संगीतात गोवेकर अनुपस्थित राहावा, याचे मला वाईट वाटते. दोष त्या परदेशी मंडळींचा जितका, तितकाच आमचाही. आम्ही त्या रात्रींकडे कुतूहलाने पाहिले नाही. एक तर पाठ फिरविली, नाही तर दुकान मांडले.

पुढे दुकानच मोठे झाले. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी झाली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ज्या संगीताचा आत्मा मध्यरात्र ते पहाट यांत होता, त्याची उघड्यावरील रात्र कायद्याने संपली. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न हा तिकीट लावून भरणारा महोत्सव सुरू झाला. पर्यटनाचा ओघ बार्देशात मावेना तसा तो नदी ओलांडून मोरजी, मांद्रे, हरमलकडे सरकला. मोप्याचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित झाला आणि पेडणे तालुका एकाएकी दाराशी आला. डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न खुद्द धारगळला भरला, आणि त्याआधी गावात व न्यायालयात बराच वाद झाला. वाद आवाजाचा होता, वाहतुकीचा होता. पण मुळाशी प्रश्न तोच होता, गावच्या रात्रीवर हक्क कोणाचा. साळच्या गड्यांना तो कधी विचारावा लागला नाही.

गिल या मोठ्या महोत्सवांपासून दूरच राहिला. तो जगभर फिरून लहान-मोठ्या रानांत वाजवी आणि हिवाळ्यात हणजूणला परते. अखेरच्या काळात कर्करोगाने त्याला गाठले होते. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि कोजागरी २८ ला. शापोऱ्याच्या अलीकडे, पेडण्यात, तरंगांचे दिवस चालू होते.